शिर सलामत तो कॅमेरे पचास

सबमिशन एकदाचं संपलंय, पीएलला आठवडा आहे, बाहेर पाऊस लागलाय... अशा वेळी होस्टेलवर कोणता विषय निघतो? अभ्यास? छे! "चला रे, ताम्हिणी मारून येऊ!" आणि हल्ली या वाक्याला एक शेपूट असतं, "हेल्मेटवर लावायला कॅमेरा घ्यायचा का?"

आमच्या विंगमध्येही तो विषय निघाला. चौघांनी कॉन्ट्री काढायची, बजेट पंचवीस हजार. आठवडाभर मेसमध्ये पोळी-भाजी बाजूला आणि फोर-के, सिक्स्टी एफपीएस, स्टॅबिलायझेशन याचीच चर्चा! व्हायवाला एवढी तयारी केली असती तर एक्स्टर्नलने पाठ थोपटली असती. शेवटी ट्रायल म्हणून एका सीनियरचा कॅमेरा मागून आणला, माझ्या हेल्मेटच्या टाळूवर चिकटवला, आणि दोन बाइकवर चौघे मुळशीच्या रस्त्याला लागलो.

रात्री टीव्ही रूममध्ये सगळ्यांनी मिळून व्हिडिओ पाहिला. धुकं, धबधबे, वळणं, एकदम झकास! मग एक तुकडा आला. पुढे टेम्पो, उजवीकडे वळण, पलीकडचं काही दिसत नाही, आणि मी ओव्हरटेक मारतोय. समोरून लाल डबा. हातभर अंतरावरून मी आत घुसलो. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. माझे मात्र हातपाय गार पडले, कारण घाटात मला हे एवढं जवळून गेल्याचं जाणवलंच नव्हतं. तुकडा पुन्हा लावला. ओव्हरटेकच्या जरा आधी माझाच आवाज येतो, "बघा आता!"

मित्रांनो, मी हे कोणाला म्हणत होतो? माझ्या मागे माझा रूम पार्टनर बसला होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

त्या रात्री मी सगळ्यांना एक आगाऊ प्रश्न विचारला, आपल्या चौघांची हेल्मेटं मिळून किती रुपयांची? हिशेब झाला. दोन बऱ्यापैकी, एक रस्त्याच्या कडेला साडेतीनशेला घेतलेलं, आणि चौथं नाहीच. "मागे बसणाऱ्याला कशाला?" म्हणे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला वा विकायलाही बंदी आहे. पण कायदा राहू द्या, साधा विचार करा. रिकाम्या डोक्याचं शूटिंग करायला पंचवीस हजार?

म्हणून माझं स्पष्ट मत : कॅमेऱ्याच्या कॉन्ट्रीतले पहिले पैसे हेल्मेटचे. बाइकवर जेवढी डोकी, तेवढी आयएस ४१५१ ची, नीट मापाची, फुल फेस हेल्मेटं. त्यातून उरलं तर कॅमेरा!

आता कॅमेरा कोणता आणि कुठे? इथे आपलं इंजिनिअरिंग वापरू. हेल्मेटचं बाहेरचं कवच गुळगुळीत असतं ते शोभेसाठी नाही. पडल्यावर डोकं रस्त्यावर घसरत जावं, कुठे अडकून मान पिरगळू नये, म्हणून. टाळूवरचा कॅमेरा नेमका तिथे खुंटीसारखा उभा राहतो. मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये मेरिबेलला स्कीइंग करताना पडला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. ठाम उत्तर निघालं नाही, पण शंका आली तरी पुरे आहे.

शिवाय वाऱ्याचं काय? सात बाय पाच सेंटिमीटरचा चौकोनी कॅमेरा धरा. ताशी ८० किलोमीटरला त्याच्यावर साधारण ११५ ग्रॅम वजनाएवढा रेटा येतो. वेग दुप्पट, तर रेटा चौपट. तास-दोन तासांत मान बोलायला लागते. म्हणून वजन बघा. गोप्रो हिरो १२ ब्लॅक १५४ ग्रॅमचा, तर इन्स्टा३६० गो ३ चा कॅमेरा फक्त ३५ ग्रॅमचा. अर्थात छोट्याला फोर-के नाही, २.७-के वर भागवावं लागतं, आणि एकट्या कॅमेऱ्याची बॅटरी पाऊण तासाची. माझ्या मते डोक्यावर बसवायचा असेल तर हा सौदा परवडतो.

हँडलवर लावला तर डोक्याची चिंता मिटते, पण सिंगल सिलिंडर इंजिन ४००० आरपीएमला सेकंदाला ६७ वेळा फिरतं. सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, त्यामुळे व्हिडिओ जेलीसारखा थरथरतो. मानेवरचं डोकं हा झटका बराच पचवतं. म्हणून हेल्मेटवरच लावायचा असेल तर हनुवटीपाशी लावा. रस्ता आणि हँडलवरचे हात दोन्ही दिसतात, वाराही कमी लागतो. मात्र हेल्मेटला भोक पाडून स्क्रू मारायचा नाही! माउंट असा हवा की जोरात आपटल्यावर तोच आधी सुटून पडेल. आणि हेही खरं, की हेल्मेटवर काहीच न लावणं सगळ्यात सुरक्षित.

राहता राहिलं कार्ड. १०० एमबीपीएसने फोर-के घेतलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. कार्डावर व्ही-३० छापलंय का बघा, सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची ती हमी आहे. आणि साध्या १०८० वर मन रमवायला शिका. शेवटी तुमचा व्हिडिओ बघणार कोण? विंगमधली दहा टाळकी आणि घरी आई. आईला दाखवता येणार नाही असा तुकडा त्यात असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

निक वुडमन हा सर्फिंग करणारा माणूस. त्याने २००४ मध्ये आणलेला पहिला गोप्रो मनगटावर बांधायचा, ३५ एमएम फिल्मचा कॅमेरा होता. लाटेवरची मजा आधी, तिचा फोटो नंतर! आपण उलटं करून बसलोय. फोटोसाठी लाट शोधतोय.

आमची कॉन्ट्री झाली. त्यातून दोन हेल्मेटं आली. एक रूम पार्टनरच्या डोक्यावर, एक त्या साडेतीनशेवाल्याच्या जागी. कॅमेरा पुढच्या सेमला, केटी लागली नाही तर! तो "बघा आता!"चा तुकडा मात्र मी डिलीट केलेला नाही. बाइकची किल्ली उचलण्याआधी अधूनमधून बघतो.

तुम्हीही आपापले तुकडे एकदा आवाज चालू ठेवून बघा. पटतंय का ते मेसमध्ये भेटलात की सांगा!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी