हाडातली रोपवाटिका

जालना भागात मोसंबीला डोळा कसा भरतात हे कुणाला सांगावे लागत नाही. खाली रंगपूर लिंबाचा खुंट, वर मोसंबीचा डोळा. दोघांचे जमले तर कलम जीव धरते, नाही तर वाळून जाते. १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी असेच एक कलम माणसाच्या अंगात केले. नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. तिला तिच्या भावाच्या हाडातला मगज दिला. भारतातले ते पहिले यशस्वी मगजरोपण.

रक्त तयार होते ते काळजात नव्हे, हाडांच्या पोकळीतल्या मगजात. तिथली रोपवाटिका एक दिवस बंद राहून चालत नाही, कारण तांबडी पेशी जगते सुमारे चार महिने आणि रक्त गोठवणारी प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस. या वाफ्यात एखादी पांढरी पेशी कोवळेपणीच बिघडते आणि हरळीसारखी पसरत जाते. मग चांगल्या रोपांना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की पोर पांढरेफटक पडते. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. पांढऱ्या पेशी असतात ढीगभर, पण निकामी. म्हणून ताप हटत नाही.

रोपणात जालीम औषधांनी सगळा वाफाच साफ करतात. मग जुळणाऱ्या भावंडाचा मगज शिरेतून सोडतात, रक्त चढवतात तसाच. तो आपली वाट आपणच शोधत हाडात जाऊन बसतो आणि दोन-चार आठवड्यांत नवे रक्त धरू लागतो. सख्खे भावंड जुळण्याचा संभव चारात एक. देणारा कायमचा अधू होईल ही आईबापांची भीती मात्र काढून टाका. कमरेच्या हाडातून काढलेला मगज काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. हल्ली तर पुष्कळदा हाताच्या शिरेतून यंत्राने बीजपेशी वेगळ्या काढून घेतात.

अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओने अधू झाले. चाकाच्या खुर्चीतला मुलगा डॉक्टर कसा होणार, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाने आधी प्रवेशच नाकारला होता. ते हटले नाहीत. पुढे अमेरिकेत सिएटलला जाऊन डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे मगजरोपण शिकून आले. (थॉमस यांना त्याच कामाबद्दल १९९० साली नोबेल मिळाले.) २०१२ साली अडवाणींना पद्मभूषण मिळाले.

मला विचाराल तर त्यांचे दुसरे काम याहून मोठे. रोपण थोड्यांच्या वाट्याला येते. लहान मुलांच्या रक्तकर्करोगात बहुतेकांना औषधांनीच बरे करायचे असते. १९८४ च्या सुमारास अमेरिकेचे डॉ. इयान मॅग्रा यांच्याबरोबर त्यांनी आपल्या दवाखान्यांना पेलेल अशी औषधांची आखणी बसवली. पूर्वी पाचांत एखादे पोर वाचे, तिथे जवळजवळ निम्मी वाचू लागली. आज चांगल्या ठिकाणी पुरते उपचार घेतलेल्यांतली बहुसंख्य बरी होतात.

पुरते, हा शब्द नीट वाचा. पहिल्या महिन्याभरात पोर टवटवीत दिसते, तपासणीत दोष सापडत नाही. इकडे कापूस वेचणीला आलेला असतो, हातातला पैसा संपलेला असतो. घरचे म्हणतात, आता बरे आहे, चला. पण हरळीची मुळी आत शिल्लक असते. औषध दोन-अडीच वर्षे चालते. मध्येच सोडले की रोग उलटतो, आणि उलटलेला रोग पहिल्या औषधांना सहसा दाद देत नाही. अशा काही रुग्णांसाठी मुंबईच्या आयआयटीने टाटा हॉस्पिटलच्या साथीने पेशींचा नवा उपचार काढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण खर्च अजून लाखांत आहे.

प्लेटलेट घटल्या म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. पावसाळ्यात डेंग्यूनेही त्या दीड लाखावरून वीस-तीस हजारांवर येतात आणि बहुधा आपोआप चढतात. नुसता आकडा पाहून बाटली चढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. रक्तस्राव, पोटात जोराची दुखी, सतत उलटी, हातपाय गार पडणे याकडे लक्ष ठेवा. अशा तापात ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका. पपईच्या पानांच्या रसावर भरवसा ठेवून घरी थांबू नका.

ताप दोन आठवडे हटत नसेल आणि सोबत फिकेपणा, डाग, मानेत गाठी किंवा हाडे दुखणे असेल, तर सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या. सोबत काचपट्टीवर पेशी पाहायला सांगा. संशय आला तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला आधी भेटा. मुंबईला पाठवले तर राहायचे कुठे, हा घोर लागतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. जागेची चौकशी निघण्यापूर्वीच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडे करा.