गेटबाहेरची रांग मोजा

कंटेनर बंदरांचं संगणकावर सिम्युलेशन करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि बावधनमध्ये बसून मी तो कित्येक वर्षं करतो आहे. म्हणून हे मीच बोललं पाहिजे: आपल्याकडे हे शास्त्र नियोजनासाठी क्वचितच वापरलं जातं. आधीच घेतलेल्या निर्णयावर शिक्का हवा असतो, म्हणून ते वापरतात.

एका टर्मिनलच्या विस्ताराचं काम माझ्याकडे होतं. जहाज धक्क्याला लागतं, क्रेन कंटेनर उतरवते, यार्डात थप्पी लागते, ट्रेलर गेटमधून बाहेर पडतो. हे सगळं मिनिटामिनिटानं संगणकात घडवायचं. मी म्हटलं, गेटबाहेरचा रस्ताही घेऊ. उत्तर आलं, तो आपल्या कामात बसत नाही. पुन्हा विचारलं तेव्हा खरं कारण कळलं: क्षमतेचा आकडा वर कळवून झाला होता, अहवाल त्याला जुळायला हवा होता.

आकडा सरासरीवर काढला की तो हवा तेवढा फुगवता येतो. पण गाड्या सरासरीनं येत नाहीत, घोळक्यानं येतात. रांगेचं अगदी साधं गणित घ्या. एकच गेट, गाड्या कधीही येणार, प्रत्येकीला वेळ कमीजास्त लागणार. गेट ८० टक्के वेळ कामात असेल, तर गाडीचा तिथे सरासरीनं कामाच्या पाचपट वेळ जातो. ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. वरच्या त्या पाच टक्क्यांसाठी टर्मिनलला शाबासकी मिळते आणि त्याची किंमत ड्रायव्हर भरतो.

त्यातला एक मला बायपासजवळच्या टपरीवर रात्री एक वाजता भेटला. कोल्हापूरच्या फाउंड्रीचा माल पोचवून रिकामा परत चालला होता. बंदरात शिरायच्या परवानगीचा, फॉर्म १३ चा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सीटमागे पाण्याचा पाच लिटरचा कॅन. “गेटाच्या अलीकडं सोळा तास साहेब. पाणी न्हाई, संडास न्हाई. म्होरली गाडी हलली की आपण हलायचं, म्हणून झोपबी न्हाई.” भत्ता त्याला फेरीवर मिळतो, तासावर नाही. हे सोळा तास कुठल्या तक्त्यात धरले होते? माझ्या अहवालात तर नव्हतेच, आणि त्यावर सही माझी आहे.

शिवाय बिघाड ही अपवादाची गोष्ट नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले, मुंबई आणि न्हावा शेवा दोन्हीकडची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यानं न्हावा शेव्यातल्या एका टर्मिनलचे संगणकच बंद पाडले. असे दिवस संगणकातला जो नमुना चालवून बघत नाही, तो फक्त चांगल्या दिवसाचा व्हिडिओ असतो.

आमच्या डोंगरापलीकडे खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात, लाटा उठवतात आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावरच्या मोजमापाशी ताडून पाहतात. जुळलं नाही तर प्रतिकृती दुरुस्त करतात. संगणकाच्या नमुन्यालाही हीच शिस्त लागते. नमुना खोटा ठरला तर आकडा बदलायचा की वास्तव लपवायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये, नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयूची (म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापानं) क्षमता, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. भराव एकदा पडला की उचलता येत नाही. संगणकात चूक पुसायला एक कळ पुरते, म्हणून चुका तिथेच करून घ्यायच्या असतात.

माझी मागणी साधी आहे. वाढवणच्या वाहतुकीचा नमुना आणि त्यामागची सगळी गृहीतकं मराठीत छापा, डहाणूच्या कोळीवाड्यांत वाचून दाखवा. मच्छीमारांच्या होड्यांची ये-जा त्यात घ्या, भर पावसातला दिवस घ्या, बंद पडलेली क्रेन घ्या, महामार्गापर्यंतची रांग घ्या. आणि ड्रायव्हरच्या थांबण्याचे तास पहिल्या पानावर लिहा. यापुढे ज्या अहवालात ते नसतील, त्यावर मी सही करणार नाही.