टॉनिक नको, सुई-दोरा द्या

"डॉक्टर, केजीत आहे, पण पेन्सिल नीट धरत नाही. एखादं टॉनिक द्या ना." डोंबिवलीत ही मागणी नेहमीची. अशा बहुतेक मुलांना टॉनिक नको असतं, बोटांना काम हवं असतं. अंगठा आणि तर्जनीची चिमूट मोबाइलवर बोट फिरवून पक्की होत नाही. ती ओवण्याने, कागद फाडण्याने, बटण लावण्याने होते. माझ्या मते अक्षरं गिरवण्याआधी हे यायला हवं.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं (तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती). मॉन्टेसरीची महाग साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. आपल्याला तर शिंप्याकडच्या चिंध्या फुकट मिळतात!

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला भोकं पाडलेला पुठ्ठा आणि बुटाची नाडी द्या. पाचव्या वर्षी मोठ्या नेढ्याची बोथट सुई, लोकर आणि सैल विणीचं कापड; धावदोरा घालू द्या. तुम्ही शेजारी बसा. टाके वाकडे आले तर उसवून सरळ करू नका. आजीचा हात शिवशिवतो, तिलाही सांगा.

तीन वर्षांखालच्या मुलांपासून मणी, बटणं लांब ठेवा, श्वासनलिकेत अडकतात. खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

आणि दीड वर्षाच्या आतलं मूल सतत एकच हात वापरत असेल, तर "डावखुरा असेल" म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.