मारण्याचा निर्णय कोणाचा?

लष्करी ड्रोन विमानांची दोरी दूर बसलेल्या माणसाच्या हातीं असावी, कीं लक्ष्य निवडण्याची मुभा त्या यंत्रासच द्यावी, हा वाद केवळ यंत्रज्ञांचा आहे अशी एक समजूत आहे. आमच्या मतें ती खोटी आहे. ज्या प्रश्नांत माणसाचा जीव जातो, तो प्रश्न नीतीचा व न्यायाचा असतो.

स्वयंनिर्णयाचे कैवारी दोन मुद्दे मांडतात. पहिला असा कीं, शत्रूनें रेडिओसंपर्क तोडला म्हणजे दूरचा माणूस आंधळा होतो. सबब यंत्रास स्वतःची बुद्धि हवीच. युक्रेनच्या युद्धांत ही अडचण नित्याची आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच युद्धांत काचतंतूची बारीक तार मागें सोडीत जाणारे ड्रोन वापरांत आले; तारेच्या लांबीची मर्यादा त्यांस आहे खरी, तथापि रेडिओची गरज उरली नाहीं. शिवाय, संपर्क तुटतांच ठरलेल्या मार्गानें माघारीं फिरण्याची योजना अमेरिकेच्या प्रिडेटर विमानांतही होती. संपर्क तुटला, म्हणून परतावें, असें अनुमान निघेल; म्हणून मारावें, हें कोणत्या न्यायानें निघतें?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. माणूस थकतो, भितो, चुकतो; यंत्र तसें नाहीं. माणूस चुकतो, याचा पुरावा काबूल येथें 29 ऑगस्ट 2021 रोजीं मिळाला. अमेरिकन ड्रोननें एका मोटारीवर क्षेपणास्त्र सोडलें. दहा निरपराध माणसें मेलीं, त्यांत सात मुलें होतीं. तीन आठवड्यांच्या आंत सेनेनें चूक कबूल केली. शिक्षा मात्र कोणासही झाली नाहीं. पण यावरून यंत्राचा पक्ष सिद्ध होतो काय? संशयाचे जे निकष माणसानें ठरविले, तेच यंत्रांत भरले जाणार. मग चूक टळत नाहीं, तिचा वेग मात्र वाढतो. आणि निर्णय घेणारीं माणसें समोर असतां जेथें कोणी दोषी ठरला नाहीं, तेथें तशीं माणसेंच नसतील तर जाब कोणास विचारावा?

तथापि कळीवर माणसाचें बोट असलें कीं पुरे, असेंही आम्ही म्हणत नाहीं. 2003 च्या इराकयुद्धांत अमेरिकन पेट्रियट यंत्रणेनें ब्रिटनचें टॉर्नेडो विमान शत्रूचें क्षेपणास्त्र ठरविलें. माणसांनीं तें खरें मानलें, आणि विमानांतील दोघेही प्राणास मुकले. विचारास अवधि नसलेला माणूस हा यंत्राचाच एक भाग होय. म्हणून उड्डाण, मार्ग व परतणें हीं खुशाल यंत्रावर सोपवावीं; जीव घेण्याचा निर्णय मात्र ज्याचें नांव दप्तरीं नोंदलेलें आहे, आणि ज्यास पाहण्यास व नाकारण्यास वेळ आहे, अशा अधिकाऱ्यानेंच घ्यावा.

डिसेंबर 2023 मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें या शस्त्रांविषयीं ठराव 152 मतांनीं संमत केला. विरोधी मतें अवघीं चार. त्यांत रशियाच्या जोडीस एक भारताचें होतें. हा विषय जिनीव्हाच्या शस्त्रकरार-परिषदेंतच चालावा, अशी आपल्या सरकारची भूमिका. पण तेथें सर्वसंमतीवांचून कांहींच ठरत नाहीं. एक राष्ट्र अडून बसलें कीं सारेंच खोळंबतें. अशा ठिकाणीं प्रश्न पाठविणें म्हणजे तो टाळणेंच होय. तें मत कां दिलें, हें वाचकांनीं आपल्या लोकप्रतिनिधींस अवश्य विचारावें.