गलांड्याचा भाव कुणी पाडला?

गौरी-गणपतीच्या पट्ट्या हाती आल्या आणि या महिन्याचे निम्मे टपाल गलांड्यावरच आले. तोडणीची मजुरी, भाडे, हमाली वजा जाता हातात काही राहिले नाही, ही बहुतेकांची तक्रार. भिजलेला माल कोण घेणार, हे आडत्यांचे उत्तर जुनेच. पण आता भिजलेल्या मालाशेजारी प्लॅस्टिकच्या माळा टांगलेल्या असतात, आणि त्या वर्षभर सडत नाहीत.

सरकारी कारभार पाहा. 1 जुलै 2022पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद. फुग्याची प्लॅस्टिकची कांडी, आइस्क्रीमची प्लॅस्टिकची कांडी, मिठाईच्या डब्यावरचा पातळ प्लॅस्टिक कागद, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक, सगळे बंद. प्लॅस्टिकचे फूल मात्र त्या यादीत नाही! म्हणजे थर्माकोलचे मखर गुन्हा, आणि मखरावरची प्लॅस्टिकची माळ खुशाल. फुग्याच्या कांडीपर्यंत पोचलेल्या साहेबांना फूल कसे दिसले नाही? राज्य विधिमंडळाच्या 2025च्या पावसाळी अधिवेशनात प्लॅस्टिक फुलांच्या बंदीचे आश्वासन मिळाले. आश्वासनावर पट्टी निघत नाही.

पण सगळे खापर सरकारवर फोडून आपण सुटत नाही. गलांडा हे मुळात टेक्सास-ओक्लाहोमाच्या गवताळ माळावरचे रानफूल. ओक्लाहोमाने 1986 साली त्याला राज्याचे रानफूल ठरवले. आपल्या बाजारात ते अजून ‘हलका माल’च. निचऱ्याची हलकी जमीन आणि भरपूर ऊन, एवढीच त्याची मागणी. आपण त्याला भारी जमिनीत तुडुंब पाणी पाजतो, वर युरिया टाकतो, आणि मूळकूज झाली की आम्हाला औषध विचारतो.

बियाण्याचा प्रकार तर त्याहून वाईट. पीक परपरागीकरणाचे. शेजारी सिंगल फुले असली की डबल फुलांच्या लोरेंझियाना प्रकाराचे बी शुद्ध राहत नाही, हे कुणाला सांगायला नको. तरी बी कशाचे धरतात? शेवटच्या तोड्यात गिऱ्हाईक नाही म्हणून झाडावरच वाळलेल्या फुलांचे! चांगली फुले बाजारात गेली, टाकाऊ बियाण्याला राहिली, आणि हे वर्षानुवर्षे. मग एकाच क्रेटमध्ये सिंगल, डबल, पिवळे, तांबडे असे सगळे निघते आणि आडत्या सिंगलचाच भाव लावतो. त्याचे काय चुकले?

बंदीच्या मागणीचा ठराव ग्रामसभेत जरूर करा. पण प्लॅस्टिक उद्या बंद झाले तरी मिसळीच्या क्रेटला भाव येणार नाही. दसऱ्याच्या फडात सिंगल निघालेले झाड पहिल्याच फुलाला उपटा. भर बहरातल्या उत्तम डबल झाडांना चिंधी बांधा, त्यांची फुले तोडू नका, बी तेवढ्यांचेच धरा. आणि हे शेजाऱ्यालाही करायला लावा. त्याच्या बांधावरचा सिंगल तुमच्याच बियाण्यात उतरतो.