घातपात कोणता आणि निष्काळजीपणा कोणता?



१४ एप्रिल म्हटले की आपल्या वस्तीत निळे झेंडे लागतात, बाबासाहेबांची मिरवणूक निघते. परंतु १९४४ सालच्या १४ एप्रिलला मुंबईवर आकाश कोसळले होते. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गाठी! कापूस पेटला आणि दुपारी चारनंतर जहाज फुटले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान कामी आले. बाबासाहेब त्या वेळी व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते.

शत्रूने घातपात केला असावा, असा संशय लगेच उठला. चौकशीत मात्र तो अपघात ठरला. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात भरण्याचा निर्णय काही गोदीतल्या हमालाचा नव्हता!

घातपात आणि निष्काळजीपणा यांचा धूर सारखाच दिसतो. कायदा मात्र दोहोंत फरक करतो. तो फरक आपण समजून घेतला पाहिजे. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, भद्रावती येथील आयुध निर्माणींत आणि रेल्वेत, गोदीत आपली माणसे राबत आली आहेत.

घातपाताच्या कायद्याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. ३० जुलै १९१६ रोजी न्यूयॉर्क बंदरातील ‘ब्लॅक टॉम’ येथे दारूगोळ्याचा प्रचंड साठा उडवला गेला. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या मशालीलाही धक्का बसला. हे जर्मन हस्तकांचे काम होते. पुढे अमेरिका युद्धात उतरली आणि २० एप्रिल १९१८ रोजी तेथे घातपातविरोधी कायदा झाला. युद्धकाळात शस्त्रे, पूल, रेल्वे, गोद्या यांची मुद्दाम नासधूस करणाऱ्यास ३० वर्षांपर्यंत कैद. आणि युद्धसामग्री मुद्दाम सदोष बनवणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा! म्हणजे हा कायदा केवळ कामगारासाठी नाही. कारखानदार आणि ठेकेदारही त्यात येतात.

या कायद्याचा कणा एकच, तो म्हणजे हेतू. युद्धकार्यात अडथळा आणण्याचा हेतू हवा, किंवा आपल्या कृत्याने तसे होईल हे जाणण्यास कारण हवे. आपल्याकडेही ब्रिटिश सरकारच्या भारत संरक्षण नियमांतील ३५व्या नियमात घातपातासाठी हेतूचीच अट होती. धम्मही हेच सांगतो. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले, नुसत्या हाताच्या हालचालीत नाही.

पण युद्धाचे ढोल वाजू लागले की हेतू कोण पाहतो? मुंबईच्या स्फोटानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९४४ रोजी, अमेरिकेत पोर्ट शिकागो येथे दारूगोळा भरताना जहाज उडाले. ३२० जण मेले. त्यांतले २०२ कृष्णवर्णीय होते. जिवावरचे हे काम कृष्णवर्णीय नाविकांकडे होते आणि हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांचा! पुरेसे प्रशिक्षण नव्हते. कोणती टोळी जास्त माल भरते यावर अधिकारी पैजा लावत. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच काम करायला २५८ जणांनी नकार दिला. त्यांतल्या ५० जणांवर खटला भरला. घातपाताचा नव्हे, बंडाचा! १५ वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या. थरगूड मार्शल या वकिलांनी त्यांची बाजू उचलून धरली. युद्ध संपल्यावर बहुतेकांची सुटका झाली, पण डाग राहिला. अमेरिकी नौदलाने त्यांना दोषमुक्त केले ते थेट १७ जुलै २०२४ रोजी. ८० वर्षांनी! ते ऐकायला त्या ५० जणांपैकी कुणी उरले नव्हते.

आपल्या देशात आज संरक्षणाच्या मालमत्तेचा दहशतीच्या हेतूने नाश करणाऱ्यावर १९६७च्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) कायद्याखाली कारवाई होऊ शकते. देशाचा दारूगोळा राखला पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. सीमेवर आपलेही भाऊ उभे आहेत. परंतु २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, तेव्हा मेले ते कामगारच. त्या कामगारांची सुरक्षितता ही देशाचीच सुरक्षितता आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. यंत्रात दोष दिसला, धोका दिसला, तर तोंडी सांगून थांबू नका. युनियनमार्फत लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या, प्रत घरी ठेवा. उद्या कुणी तुमच्या हेतूवर बोट ठेवले तर तो कागद तुमच्या वतीने बोलेल. आणि अटक झालीच, तर संविधानाचे २२वे कलम विसरू नका. अटकेचे कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा हक्क त्यात आहे.

हे कलम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून आज रात्रीच मोठ्याने वाचून घ्या.