कार्टची पुंगळी काढू नका

या वर्षीच्या वार्षिक दिनाला ऑटो हॉबी क्लबची कार्ट परेड ग्राउंडला एक फेरी मारणार आहे. गेल्या रविवारी क्लबमध्ये एक सूचना आली. त्या दिवसापुरती सायलेन्सरमधली पुंगळी काढायची, म्हणजे पाहुण्यांना आणि पालकांना गाडीचा 'खरा आवाज' ऐकू येईल. हात वर करायला सांगितले तेव्हा एकोणीसपैकी चौदा हात वर गेले. माझा गेला नाही. का, ते तिथे दोन मिनिटांत सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या साताऱ्याकडे सायलेन्सरच्या आत बसवलेल्या नळीला पुंगळी म्हणतात. ती काढली की साधी फटफटीसुद्धा गावभर ऐकू जाते.

मला इंजिनाचा आवाज आवडत नाही असे कोणी समजू नये. आवडतो, फार आवडतो. पण आवाज आधी ठरवायचा आणि गाडी त्याच्या मागून बांधायची, हे मला उलटे वाटते.

हे मी माझ्या मामेभावाकडून शिकलो. दादा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये एक्झॉस्टचे काम त्याच्याकडे आहे. ही मुले नळ्या जोडून चौकट करतात, मोटारसायकलचे इंजिन बसवतात आणि एका माणसाची छोटी रेसिंग कार स्वतः बांधतात. दादाच्या गाडीत केटीएम 390चे इंजिन आहे. नाव 390 असले तरी ते 373 सीसीचे, एका सिलिंडरचे. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस त्याच्या वर्कशॉपमध्ये होतो. मला वाटले होते की बाजारातून एक चकचकीत पाइप आणतील आणि लावतील. प्रत्यक्षात दोन दिवस नुसते मोजमाप चालले होते.

पाइप म्हणजे धूर बाहेर टाकणारी नळी एवढेच नसते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक ठोका पाइपमधून सुटतो. जिथे पाइप अचानक रुंद होतो तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात त्या क्षणी ती इंजिनापाशी पोचली, तर उरलेला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. उशिरा किंवा लवकर पोचली तर उपयोग नाही, कधी नुकसानच. दादाने वहीत मांडलेला ढोबळ हिशोब मी उतरवून घेतला. 7500 आरपीएमला एक फेरी 8 मिलिसेकंदांत होते. लाटेला साधारण 120 अंशांचा वेळ दिला, तर ते झाले 2.7 मिलिसेकंद. गरम धुरात आवाज सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास धावतो (बाहेरच्या हवेत 340). म्हणजे जाऊन-येऊन दीड मीटर, आणि पाइप पाऊण मीटरच्या थोडा आत. ही फक्त सुरुवात. पुढे चाचणी घेऊन पाच-पाच सेंटिमीटर कमी-जास्त करतात. आठवीत शिकलेला प्रतिध्वनीचा धडा असा कुठे उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते.

पाइपचा व्यासही तसाच. "जाड पाइप म्हणजे जास्त ताकद" हे आपल्या डॉर्ममधले वाक्य दादाला सांगितले तेव्हा तो हसला. फार रुंद पाइपात धुराचा वेग पडतो, लाट दुबळी होते आणि कमी आरपीएमला गाडी मरगळते.

मग बसवण्याचे काम. इंजिन हलते, चौकट तेवढी हलत नाही. पाइप दोन्हीकडे घट्ट वेल्ड केला तर काही दिवसांत तडा जातो. म्हणून त्यांनी मध्ये सरकता सांधा ठेवला आणि तो स्प्रिंगांनी धरून ठेवला. पेट्रोलची टाकी आणि वायरिंग यांच्यापासून अंतर, मध्ये उष्णतेची ढाल. फॉर्म्युला एसएईच्या नियमात पाइपचे तोंड मागच्या अॅक्सलच्या मध्यरेषेपासून 45 सेंटिमीटरपेक्षा मागे आणि जमिनीपासून 60 सेंटिमीटरपेक्षा वर चालत नाही. धूर चालवणाऱ्याच्या तोंडावर येता कामा नये हेही त्यात आहे. या चौकटीत पाऊण मीटरचा पाइप, वळणे आणि सायलेन्सर कोंबायचा, हे खरे कोडे.

आता क्लबमधला सर्वांत मोठा मुद्दा: सायलेन्सर ताकद खातो. यात थोडे तथ्य आहे. ज्या सायलेन्सरमध्ये धुराला कप्प्याकप्प्यांतून वळसे घ्यावे लागतात, तो चुकीच्या मापाचा असेल तर इंजिन गुदमरते. पण दुसरा प्रकार आहे. त्यात भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर भरलेली असते. धूर सरळ जातो, आवाज लोकरीत जिरतो. ताकदीचे नुकसान फारच थोडे. दादाच्या गाडीला हाच आहे. लोकर जळत जाते, म्हणून ती अधूनमधून बदलावी लागते, एवढीच कटकट. उलट, जी गाडी सायलेन्सर धरून जुळवलेली आहे तिचा सायलेन्सर रिकामा केला तर ती हळूच होण्याची शक्यता जास्त. आपल्या कार्टला जुन्या मोटारसायकलचे कार्ब्युरेटरचे इंजिन आहे. पुंगळी काढून जेट तसाच ठेवला तर मिश्रण बिघडू शकते आणि गाडी फटाके मारते. मैदानावर बसलेले लोक त्या फटाक्यांना ताकद समजतील, पण निदान क्लबच्या मुलांनी तरी समजू नये.

आणि त्या स्पर्धेत आवाजाची परीक्षा असते! पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात माइक धरतात. आयडलला 103 आणि वरच्या आरपीएमला 110 डेसिबलच्या वर गेलात तर गाडी ट्रॅकवर जात नाही. आधी आवाज कमी करून या, मग धावा. ब्रिटनमध्ये लोक घरी स्पोर्ट्स कार बांधतात. 1957 साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची आणि 1973 पासून तीच गाडी केटरहॅम बनवते. तिचा पाइप बाहेरून, बसणाऱ्याच्या कोपराजवळून जातो, त्यामुळे उतरताना पाय भाजून घेणारे पुष्कळ. अशा घरी बांधलेल्या गाडीलाही रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणीत 99 डेसिबलची मर्यादा पाळावी लागते. (हे आकडे आणि स्पर्धेचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत, एकमेकांशी ताडून पाहू नयेत.) म्हणजे ज्यांना गाडी मनापासून आवडते, जे ती स्वतःच्या हाताने बांधतात, त्यांनासुद्धा हा पेपर द्यावाच लागतो.

आपल्याकडे कायदा काय सांगतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 क्रमांकाचा नियम सायलेन्सरचाच आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तीन महिने लायसन्सही जाते. आपली कार्ट रस्त्यावर जात नाही, म्हणून हा कायदा तिला लागू नाही, असे एक सिनियर म्हणाले. बरोबर आहे. पण त्या दिवशी मैदानावर पहिल्या तीन रांगांत कोणाचे आजोबा असतील, कोणाची मांडीवरची बहीण असेल. माझी आजी येणार आहे, ती कानाला यंत्र लावते. शिवाय बारावीची मुले तीन वर्षांत स्वतःच्या गाडीवर असतील. आपण टाळ्या वाजवून त्यांना काय शिकवून पाठवणार?

फील्डक्राफ्टच्या तासाला आपण पाण्याची बाटली खडखडू नये म्हणून काठोकाठ भरतो, आणि त्याच संध्याकाळी क्लबमध्ये पुंगळी काढायला हात वर करतो. मला हे जुळत नाही.

माझी सूचना अशी आहे. पुंगळी राहू द्यावी. कार्टचा सायलेन्सर सध्या दोन ठिकाणी गंजलेला आहे आणि एक ब्रॅकेट तारेने बांधलेले आहे. आधी ते नीट वेल्ड करून घ्यावे. पाइप चालवणाऱ्याच्या उजव्या कोपरापासून चार बोटांवर आहे, तिथे पत्र्याची ढाल हवी आणि तोंड मागे वळवायला हवे. फिजिक्स लॅबमध्ये ध्वनीमापक आहे. सरांनी परवानगी दिली तर पुढच्या रविवारी अर्ध्या मीटरवरून, 45 अंशांतून एकदा पुंगळीसह आणि एकदा पुंगळीशिवाय मोजू. त्याच दिवशी स्टॉपवॉच लावून ग्राउंडची एक-एक फेरीही मारू. दोन्ही आकडे फलकावर लिहू आणि मग पुन्हा हात वर करू. पुंगळीशिवाय कार्ट खरोखर वेगाने गेली तर निदान त्या मुद्द्यापुरता मी गप्प बसेन. ढाल मात्र तरीही लावावी लागेल, कारण वार्षिक दिनाला गाडी मी चालवणार नसून आठवीतला सर्वांत हलका कॅडेट चालवणार आहे, आणि त्याचे कोपर माझ्यापेक्षा पाइपच्या जास्त जवळ येते.